फ्रिजिडेरियममधली वाफ

कुवेतमध्ये राहायचं तर नळाचं शास्त्र नव्याने शिकावं लागतं. जगात सगळीकडे लाल खुणेच्या नळाला गरम पाणी येतं आणि निळ्या खुणेच्या नळाला गार. कुवेतमध्येही तसंच येतं, पण एप्रिलपर्यंत. मे उजाडला की गच्चीवरच्या टाकीतलं पाणी उन्हाने असं तापतं की निळा नळ सोडला तर हात पोळून निघतो. मग घरोघरी एक छोटासा समारंभ होतो. बाथरूममधल्या गीझरचं बटण बंद करायचं. गीझर बिचारा घराच्या आत, एसीच्या गारव्यात लटकलेला असतो, त्यामुळे त्याच्या पोटातलं पाणी आपोआप निवतं. म्हणजे उन्हाळाभर गार पाण्याला लाल नळ आणि गरम पाण्याला निळा. सालमियासारख्या भारतीय वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही हे झोपेत येतं. भारतातून नवा पाहुणा आला आणि पहिल्या दिवशी आंघोळीला गेला, की घरातले सगळे हॉलमध्ये कान देऊन बसतात. आतून किंकाळी आली की म्हणायचं, "अरेच्चा, सांगायचं राहिलंच!"

अबोली ह्या शास्त्रात पारंगत होती, आणि तिचा घात झाला तो त्यामुळेच.

एकोणीसशे नव्वदच्या त्या मे महिन्यात अबोली नुकतीच दहावीत गेली होती आणि अतिशय बोलत होती. आधी तशी नव्हती. नववीपर्यंत ती हजेरीला "यस मिस" इतक्या हळू म्हणायची की मिस तिची गैरहजेरी लावून मोकळ्या व्हायच्या. जानेवारीत वक्तृत्व स्पर्धेत कुणीतरी आजारी पडलं म्हणून तिला ऐनवेळी उभं केलं, ती दुसरी आली, आणि आपल्याला आवाज आहे असा तिला शोध लागला. आता तो बंद कसा करायचा ह्यावर घरात विचार चालू होता.

त्यातच तिला लायब्ररीत रोम सापडलं. एक जाडजूड सचित्र पुस्तक होतं, कुणीही न उघडल्यामुळे अगदी कोरं करकरीत राहिलेलं. अबोलीने ते उघडलं आणि त्यानंतर घरात कुणालाही सुखाने जेवता आलं नाही. कारण आमटी वाढली की अबोली सांगायची, रोमन लोक आडवे पडून जेवायचे. मासळी केली की सांगायची, ते माशांची आतडी उन्हात कुजवून त्याची चटणी सगळ्याला लावायचे. आणि सार्वजनिक संडासात सगळे शेजारी शेजारी बसून गप्पा मारायचे, मध्ये भिंत नाही की पडदा नाही, हे तर ती नेमकी पाहुणे आले की सांगायची.

"रोमन लोकांना आया नव्हत्या का गं?" आईने एकदा विचारलं. आई, म्हणजे तारा, हॉस्पिटलात नर्स होती. दिवसभर लोकांची आतडी बघून आल्यावर तिला ताटात पुन्हा तोच विषय नको असायचा.

बाबांचं, म्हणजे जगन्नाथरावांचं म्हणणं वेगळं होतं. ते त्याच हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन होते. माणसाच्या आत काय आहे ते फिल्मवर बघायची सवय असल्यामुळे मुलीच्या मनात काय आहे हे तिला विचारायची त्यांना कधी गरज वाटली नव्हती. ती सायन्स घेणार हे ठरलेलं होतं. अकरावीच्या फिजिक्सची शिकवणी जूनपासून, म्हणजे दहावी संपायच्या आतच सुरू करायची, हेही ठरलेलं होतं. अबोलीच्या शाळेत तसंही सायन्स होतं, आणि सायन्स न झेपणाऱ्यांसाठी कॉमर्स. आर्ट्स करायचं तर पुण्याला मावशीकडे जाऊन राहायला हवं.

"मला पुण्याला जायचंय," अबोली एका शुक्रवारी म्हणाली. "मी आर्ट्स घेणार."

"आर्ट्स?" बाबांनी वर्तमानपत्र खाली केलं. "म्हणजे चित्रं काढणार?"

"इतिहास, बाबा. रोमन लोक कसे राहायचे, घरं कशी बांधायचे."

"ते मेले."

"तुमच्याकडे येणारेही मरतातच की अधूनमधून."

"अबोली!" आई स्वयंपाकघरातून ओरडली.

बाबा मात्र चिडले नाहीत. सगळे पत्ते हातात असलेल्या माणसासारखे हसले. "हे बघ, सुट्टीच्या आधी तुमच्या शाळेचं प्रदर्शन असतं ना? त्यात तुझ्या त्या रोमन लोकांना पहिलं बक्षीस मिळवून दाखव. मिळालं तर तू पुण्याला. नाही मिळालं तर मुकाट सायन्स. पुन्हा विषय काढायचा नाही."

हे औदार्य फुकटचं होतं. प्रदर्शनाच्या नावात विज्ञानाबरोबर समाजशास्त्रही होतं, पण ते नुसतं नावापुरतं. कप एकच, आणि तो दरवर्षी प्रणयला मिळायचा. प्रणयचे वडील मीना अब्दुल्ला बंदरातल्या रिफायनरीत इंजिनियर होते आणि प्रणय दरवर्षी रिफायनरी करायचा. आठवीत त्यातून धूर निघाला. नववीत धूर निघाला आणि दिवा लागला. ह्या वर्षी धूर, दिवा आणि भोंगा अशी बातमी होती. परीक्षकांना दरवर्षी त्यात मोठी प्रगती दिसायची. तेलावर चालणाऱ्या देशात रिफायनरीला दुसरा नंबर द्यायचा म्हणजे जेवायला बोलावलेल्या घरी जाऊन मीठ कमी आहे म्हणण्यासारखंच.

"मंजूर," अबोली म्हणाली.

तिने रोमन स्नानगृह करायचं ठरवलं. तेही नुसतं बघायचं नाही, चालणारं. तीन खोल्या. गरम पाण्याची काल्डेरियम, कोमट पाण्याची टेपिडेरियम आणि थंडगार फ्रिजिडेरियम. आधी घाम काढायचा, मग निवायचं, मग गार हौदात उडी. अंगाला तेल चोपडायचं आणि पितळी पट्टीने खरवडून काढायचं.

"म्हणजे दिवाळीची आंघोळ," आई म्हणाली. "त्यात रोमन काय आहे?"

तिची मैत्रीण हिबा जोडीला होती. हिबाचं घर मूळचं दापोलीकडचं, आणि तिचे वडील रफीक चाचा शहराबाहेर अम्गराला, जिथे बाहेरदेशचे मजूर दिवसभर उन्हात राबत, फरशा आणि पाइपांच्या एका वखारीत कामाला होते. म्हणजे रोमला लागणारं सगळं सामान अम्गरात पडलेलंच होतं. फुटलेल्या फरशांचे तुकडे जमिनीच्या नक्षीला आले. जुन्या एसीतली तांब्याची नळी पाण्याला आली. रोमन स्नानगृहाची जमीन पोकळ असते, बुटक्या खांबांवर उचललेली, आणि तिच्या खालून भट्टीची गरम हवा खेळते. त्या खांबांसाठी आईने वॉर्डातल्या इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या धुऊन आणून दिल्या. घुमटाला बाबांच्या टाकाऊ एक्स-रे फिल्म लावल्या. घुमट सुरेख झाला, फक्त उजेड पडला की त्यात कुणाच्या तरी बरगड्या दिसायच्या.

"हा कोण?" हिबाने विचारलं.

"सम्राट असेल कुणीतरी."

"आणि त्या खालच्या भट्टीत लाकडं कोण टाकायचा गो? एवढ्या उकाड्यात?"

"गुलाम."

"तिथलेच?"

"नाही, बाहेरून आणलेले. वर लोक आंघोळ करायचे, त्यांना हे खालचे दिसायचेसुद्धा नाहीत."

"हां," हिबा फरशीचा तुकडा चिकटवत म्हणाली. "म्हणजे अम्गरा."

अबोलीने पुढची बाटली जरा जपून उभी केली.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी त्यांनी मॉडेल शाळेच्या लॅबमध्ये नेऊन सिंकशेजारच्या टेबलावर मांडलं. सिंकवर दोन नळ होते, भिंतीवर गीझर होता. अबोलीने क्षणाचाही विचार न करता लाल नळाची नळी फ्रिजिडेरियमला जोडली आणि निळ्याची काल्डेरियमला. मे महिन्यात कुवेतमध्ये वाढलेली कुठलीही मुलगी हेच करेल. दोन्ही नळ सोडून बघितले. फ्रिजिडेरियम गारेगार. काल्डेरियममधून छान, कढत पाणी. दोन्ही मिसळून मधली टेपिडेरियम बरोबर कोमट. हिबाने टाळ्या वाजवल्या. घुमटातला सम्राटही प्रसन्न दिसत होता.

आता इथे एका थोर व्यक्तीची ओळख करून द्यायला हवी. शाळेच्या नव्या प्रिन्सिपल मॅडम नुकत्याच लखनौहून आल्या होत्या. त्यांचं घर अजून लागलं नव्हतं, म्हणून त्या शहरातल्या शर्क भागात एका हॉटेलात राहत होत्या. आणि अशा हॉटेलांत नळांनाही रीतभात शिकवलेली असते. लाल म्हणजे लाल आणि निळा म्हणजे निळा. प्रदर्शनाला शिक्षण खात्यातल्या असमा मॅडम प्रमुख पाहुण्या म्हणून येणार होत्या. पाहुण्या कुवेती, खात्यातल्या, आणि आपण नव्या. प्रिन्सिपल मॅडमनी सकाळी शाळाभर फर्मान काढलं, की पाहुण्यांना शाळेतली एकही गोष्ट बंद दिसता कामा नये. पंखे, दिवे, एसी, सगळं चालू. शिपाई खोलीखोलीतून फिरला आणि त्याने दिसेल ते बटण दाबलं. आज्ञाधारक माणूस. त्याला दोष कसा द्यायचा?

अबोलीला ह्यातलं काही माहीत नव्हतं. ती मुलींच्या स्वच्छतागृहात आईची पांढरी चादर अंगाला गुंडाळत होती.

"टोगा मस्त दिसतोय," हिबा म्हणाली.

"टोगा पुरुषांचा. बायकांचा तो स्टोला." हे ती सकाळपासून बऱ्याच जणांना सांगून चुकली होती. चादरीच्या कोपऱ्यावर हॉस्पिटलचा शिक्का होता, तो तिने आत दुमडला. "हिबा, मी सुरुवात कशी करू? 'माननीय पाहुण्यांनो' की एकदम 'चला, दोन हजार वर्षं मागे'?"

"ते कर तुला पायजे तसं. पण आधी एकदा पाणी सोडून हात घालून बघ गो."

"काल बघितलंय."

"काल ते काल."

"पाणी पाहुण्यांच्या समोरच सोडायचं. नाटक असतं त्यात, तुला नाही कळायचं." अबोलीने आरशात मान उंचावली. "तू फक्त नळाशी उभी राहा. मी हात वर केला की सोड."

हिबा नळाशी उभी राहिली.

पाहुण्या आल्या. आधी रिफायनरीने त्यांचं स्वागत केलं. भोंगा असा वाजला की दोन पालक दाराकडे धावले. प्रणयने कच्चं तेल कुठून येतं आणि कुठे जातं ते काठीने दाखवलं. असमा मॅडमनी सभ्यपणे मान डोलावली. त्यांना ते माहीत असावं. मग सगळा जथा स्नानगृहाकडे वळला. पुढे असमा मॅडम आणि प्रिन्सिपल मॅडम, मागे फिजिक्सचे सर, त्यांच्यामागे आईबाबा आणि इतर पालक.

अबोलीने मॉडेलकडे पाठ केली, लोकांकडे तोंड केलं आणि सुरू झाली. इंग्रजी तिचं फर्डं होतं. तिने लोकांना कपडे ठेवायच्या खोलीत नेलं. तिथे चोऱ्या व्हायच्या, म्हणून श्रीमंत लोक राखणीला माणूस ठेवत. तिने त्यांना तेल चोपडलं, खरवडलं, पोकळ जमिनीवरून चालवलं. लोक खरंच ऐकत होते. बाबासुद्धा. तिने हात वर केला, हिबाने नळ सोडले.

"आणि आता," अबोली म्हणाली, "फ्रिजिडेरियम! घामाने निथळलेला रोमन ह्या बर्फासारख्या पाण्यात शिरायचा आणि त्याच्या अंगावर सर्रकन काटा यायचा."

तिच्या पाठीमागे फ्रिजिडेरियममधून वाफेचा एक जाड लोट उठला आणि घुमटाला जाऊन भिडला. सम्राटाच्या बरगड्या धूसर झाल्या.

"ह्या खोलीत," ती सांगत होती, "कडाक्याच्या उन्हाळ्यातही हुडहुडी भरायची."

लोकांचे चेहरे बदलले. अबोलीला वाटलं, आपल्या शब्दांचा परिणाम. हिबा नळापाशी उभी राहून डोळे, भुवया, मान असं सगळं हलवत होती. अबोलीला वाटलं, तिच्या डोळ्यात काहीतरी गेलं.

"मॅडम, तुम्ही हात घालून बघा ना!" ती प्रिन्सिपल मॅडमना म्हणाली. "प्लीज!"

आणि प्रिन्सिपल मॅडमनी, ज्यांच्या फर्मानाने ते पाणी सकाळपासून गीझरमध्ये उकळत होतं, हात घातला.

"हाय अल्ला!"

भोंग्यापेक्षा मोठा आवाज होता तो. आई नर्स असल्यामुळे लगेच पुढे सरसावली. अबोलीने वळून बघितलं. रोमच्या इतिहासात प्रथमच तिन्ही खोल्यांतून वाफ येत होती.

असमा मॅडम वाकून फ्रिजिडेरियमवरची पाटी वाचत होत्या. "कोल्ड रूम," त्यांनी मोठ्याने वाचलं. मग वाफेकडे बघितलं. मग प्रिन्सिपल मॅडमकडे. त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. "हे थंड पाणी?"

नुसता पाण्याचा आवाज. अबोलीने तोंड उघडलं, आणि जानेवारीपासून हक्काने हजर असलेला आवाज नेमका त्या क्षणी नाहीसा झाला.

प्रिन्सिपल मॅडमचा मात्र नव्हता झाला. मोठ्या पदावरची माणसं उगाच मोठ्या पदावर जात नाहीत. भाजलेला हात पदराआड घेत त्या हसल्या. "थंडच, मॅडम! म्हणजे होतं. ते गरम केलंय. सूर्याने! सोलर एनर्जी! आमच्या विद्यार्थिनीने दाखवलंय, की कुवेतच्या उन्हात इंधनाशिवाय पाणी कसं तापतं. जुनी संस्कृती, नवं विज्ञान!" त्यांनी फिजिक्सच्या सरांकडे नुसतं बघितलं.

"सोलर," सर म्हणाले. कालपर्यंत ते ह्या मॉडेलला भातुकली म्हणत होते. "अगदी उत्कृष्ट सोलर."

टाळ्या पडल्या. हिबाने नळ बंद केले आणि अबोलीला चादरीला धरून कोपऱ्यात ओढलं. तिने गीझरकडे बोट दाखवलं. त्याचा लाल दिवा डोळा मारावा तसा लुकलुकत होता.

"कुणी लावला?"

"शाळेतलं सगळंच लावलंय. सांगत होते ना, हात घालून बघ."

"अगं, मग सूर्याचा काय संबंध?"

"निळ्या नळात आहे की सूर्य. अर्धा तरी आहे. गप बस तू. कप आपल्याला मिळतोय, मी ऐकलं सरांचं." हिबाचे डोळे चमकत होते. "तुझ्या बाबांनी काय सांगितलेलं? पहिलं बक्षीस. मिळालं. बस पुण्याच्या विमानात."

क्षणभर अबोलीला पुण्याचं कॉलेज दिसलं, दगडी, कमानींचं, आणि आपण हातात वही घेऊन त्या कमानीखालून चाललोय. तेवढ्यात बाबा आले. इतके खूश ते गाडीचा हप्ता फिटला तेव्हाही नव्हते.

"सोलर!" त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली. "आणि मला बोलली नाहीस! मला वाटलं, हे आंघोळीचंच काहीतरी चाललंय."

"आंघोळीचंच आहे, बाबा."

"ते वरवरचं गं. आत काय आहे? सायन्स! मी आईला म्हणतोच नेहमी, रक्तात आहे हिच्या. आज संध्याकाळीच त्या शिकवणीच्या सरांना फोन करतो."

"पण तुम्ही म्हणाला होतात, पहिलं बक्षीस मिळालं तर पुणं."

"रोमन लोकांना मिळालं तर. हे तर सूर्याला मिळतंय." बाबा अगदी मनापासून हसले. "तूच सिद्ध केलंस, आता मी काय बोलणार!"

प्रणय बाजूने जाता जाता थांबला. "रोमन लोकांना उकडून मारलंस, आणि वर कप? ग्रेट आहेस." खरं तर त्याचा मुद्दा बरोबर होता, पण प्रणयचा मुद्दा बरोबर आहे असं कोण म्हणणार.

म्हणजे हिशेब असा झाला. कप घेतला तर ती सायन्सची हुशार मुलगी. कप नाही घेतला तर अटीप्रमाणे सायन्सची साधी मुलगी. रोमन लोकांना दोन्हीकडून हाकललेलं. कप घेणंच शहाणपणाचं होतं. निदान कपाटात ठेवायला काहीतरी मिळालं असतं.

स्टेजवर प्रिन्सिपल मॅडमनी तिचं नाव पुकारलं. "सोलर वॉटर हीटिंग सिस्टिम! कुमारी अबोली!"

अबोली चादर सावरत वर गेली. असमा मॅडमनी कप पुढे केला. अबोलीने तो घेतला नाही. माइकचं तोंड आपल्याकडे वळवलं.

"थँक यू, मॅडम. पण हे सोलर नाहीये," ती म्हणाली. आवाज परत आला होता, थोडा चिरका, पण आलेला. "हे आंघोळीचं घर आहे. रोममधलं. आणि त्या थंड खोलीत गरम पाणी आलं ती माझी चूक. मला आधी हात घालून बघायला सांगितलं होतं एका मैत्रिणीने. मी भाषणाच्या नादात बघितलं नाही."

गीझर कुणाच्या हुकमाने चालू होता हे तिच्या जिभेच्या अगदी टोकावर आलं होतं. तिने ते गिळलं. ह्या एका गोष्टीचा तिला पुढे बराच काळ पश्चात्ताप होत राहिला.

प्रिन्सिपल मॅडमचा चेहरा फ्रिजिडेरियमसारखा झाला, म्हणजे असायला हवं होतं तशा फ्रिजिडेरियमसारखा. असमा मॅडम मात्र मोठ्याने हसल्या. "आमच्या घरी परवाच लंडनचे पाहुणे भाजले," त्या माइकवरच म्हणाल्या. "आम्हीही सांगायला विसरलो होतो." मग त्या अबोलीकडे वळल्या. "ती खालची पोकळ जमीन मला पुन्हा दाखव. लहानपणी मी एका जुन्या हम्मामात गेले होते, तिथे पाय असेच भाजायचे."

त्यांनी दहा मिनिटं ती जमीन बघितली. कप अर्थातच प्रणयला मिळाला, कारण नियम म्हणजे नियम, आणि रिफायनरी आपण रिफायनरी आहोत ह्याबद्दल तरी खोटं बोललेली नव्हती. भोंगा पुन्हा वाजला.

घरी जाताना बाबा गाडी चालवत होते. आई पुढे त्यांच्या शेजारी, अबोली मागे, आणि तिच्या मांडीवर स्नानगृह.

सिग्नलला गाडी थांबली तेव्हा बाबा म्हणाले, "हातात आलेलं बक्षीस कोणी परत करतं का?"

"ते माझं नव्हतं."

"पहिला नंबर होता! कोणीही शहाण्या माणसाने आधी घेतला असता, मग बाकीचं. सायन्सच्या मुलाने असं कधी केलं नसतं."

"तेच तर म्हणतेय मी, बाबा."

बाबांनी आरशातून तिच्याकडे बघितलं. सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीने हॉर्न दिला. बाबांनी गाडी हलवली.

"बाई माझी," आई म्हणाली. ती एवढा वेळ खिडकीबाहेर बघत होती. "तीन डबकी भरायची होती. एक गरम, एक गार, एक कोमट. हिने तिन्ही उकळली आणि मुख्याध्यापिकेचा हात भाजला. त्यांना मलम मी लावून आलेय. ही पोरगी उद्या लॅबमध्ये अ‍ॅसिड हाताळणार? वॉर्डात सुया टोचणार? अहो, लोकांचा तरी विचार करा!"

"अगं, पण अट..."

"अट गेली चुलीत. मी रोज माणसं जगवायला जाते, ती कमी करायला घरातून कुणाला पाठवणार नाही. आर्ट्सला घाला हिला. तिथे सगळे आधीच मेलेले आहेत, हिच्या हातून कुणाला इजा व्हायची नाही."

अबोलीला संतापावं की आईच्या गळ्यात पडावं ते कळेना. मांडीवर रोम असल्यामुळे दोन्ही शक्य नव्हतं.

सालमियाची वळणं आली. "ते खालचे खांब," बाबा अचानक म्हणाले, "बाटल्यांचे. त्यातून धूर वर खोलीत नाही शिरायचा?"

"भिंतीतही पोकळ विटा असायच्या, बाबा. त्यातून वर छपरापर्यंत जायचा. म्हणजे भिंतीही गरम व्हायच्या."

"हूं." बाबांनी गियर बदलला. "डोकं होतं म्हणजे लोकांना." मग घसा खाकरून ते आईला म्हणाले, जणू मागे कुणी बसलेलंच नाही, "ऑगस्टमध्ये तशीही रजा आहे आपली. जाऊन येऊ पुण्याला. कॉलेजं तेवढी बघून येऊ, बघायला काय जातंय. नाहीतरी ऑगस्टमध्ये कुवेतमध्ये असतं काय? सगळं गाव सुट्टीवर. माशीसुद्धा हलत नाही."

"तिकिटं आत्ताच सांगून ठेवा," आई म्हणाली.

अबोलीने घुमटावर हात ठेवला. आतल्या तिन्ही हौदांत तळाला पाणी राहिलं होतं, अजून गरमच, आणि प्रत्येक वळणाला थोडं थोडं तिच्या स्टोलावर सांडत होतं, थेट त्या हॉस्पिटलच्या शिक्क्यावर. ती काहीच बोलली नाही. घर येईपर्यंत नाही. आईने दोनदा मागे वळून बघितलं, बरी आहे ना म्हणून.